संशोधकाचे विद्यावेतन : जमाखर्च आणि आयकर

भंडारा जिल्हा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या काठी वसलेल्या या जिल्ह्यातील बहुसंख्य कुटुंबांचा वर्षाचा हिशेब मृग नक्षत्रापासून सुरू होतो आणि धानाची चुरणी होऊन माल विकला गेला की पुरा होतो. अशा कुटुंबांतील मुलेमुली आज पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून संशोधनाकडे वळू लागली आहेत. भंडारा, तुमसर, साकोली येथील महाविद्यालयांतून पदवी घ्यावयाची आणि पुढील अभ्यासासाठी नागपूर गाठावयाचे, हा त्यांचा परिपाठ होय. १९२३ साली स्थापन झालेले व आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखले जाणारे नागपूर विद्यापीठ, त्याचप्रमाणे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांसारख्या संस्था भंडाऱ्यापासून सुमारे साठ किलोमीटर अंतरावर आहेत. त्यामुळे संशोधनाची वाट या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना भौगोलिकदृष्ट्या दूरची राहिलेली नाही. आर्थिकदृष्ट्या मात्र ती आजही चढणीचीच आहे.

ही चढण सुकर व्हावी म्हणून अधिछात्रवृत्तीची, म्हणजेच दरमहा मिळणाऱ्या विद्यावेतनाची, व्यवस्था आहे. परंतु विद्यावेतन मंजूर झाले म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे नाही. ही रक्कम कधी मिळते, किती काळ मिळते, तीतून काय भागवावयाचे असते आणि तिच्यावर आयकर द्यावा लागतो किंवा नाही, यासंबंधी पुरेशी माहिती नसल्यामुळे अनेक विद्यार्थी अडचणीत येतात. काहींना संशोधन अर्ध्यावर सोडावे लागते. म्हणून या विषयाची क्रमवार ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

अधिछात्रवृत्तीचे स्वरूप

विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती ही देशातील सर्वांत परिचित योजना होय. तिच्यासाठी १९८४ पासून राष्ट्रीय पातळीवर पात्रता परीक्षा घेतली जाते. विज्ञान विषयांसाठी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचीही अशीच योजना आहे. कनिष्ठ अधिछात्रवृत्तीची रक्कम २०१४ मध्ये दरमहा २५,००० रुपये करण्यात आली होती. १ जानेवारी २०१९ पासून ती ३१,००० रुपये आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये झाली. पहिल्या दोन वर्षांनंतर कामाचे मूल्यमापन होऊन विद्यार्थी वरिष्ठ अधिछात्र होतो. त्यास २०२३ च्या दराने दरमहा ४२,००० रुपये मिळतात. दोन्ही टप्पे मिळून अधिछात्रवृत्तीची कमाल मुदत पाच वर्षांची आहे.

महाराष्ट्र शासनानेही यासाठी स्वतंत्र संस्था उभ्या केल्या आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी पुणे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था म्हणजे बार्टी, मराठा व कुणबी समाजांतील विद्यार्थ्यांसाठी २०१८ मध्ये स्थापन झालेली सारथी, आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूर येथे मुख्यालय असलेली महाज्योती या संस्था पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. प्रत्येक योजनेच्या अटी, जागा आणि अर्जाची मुदत वेगवेगळी असते. म्हणून त्या त्या संस्थेची जाहिरात मुळातून वाचणे आवश्यक आहे. एकाच वेळी दोन अधिछात्रवृत्त्या घेता येत नाहीत. तसे आढळल्यास रक्कम परत करावी लागते.

मूळ रकमेखेरीज दोन बाबींकडे विद्यार्थ्यांचे लक्ष असावे. पहिली बाब घरभाडे भत्त्याची. ज्यास वसतिगृहात जागा मिळालेली नाही, त्यास केंद्र शासनाच्या नियमांनुसार हा भत्ता अनुज्ञेय असतो. त्यासाठी शहरांचे तीन वर्ग केलेले असून नागपूर दुसऱ्या वर्गात, तर भंडारा, तुमसर, साकोली ही गावे तिसऱ्या वर्गात येतात. सातव्या वेतन आयोगाने या दोन वर्गांसाठी अनुक्रमे १६ व ८ टक्के दर ठरविले होते. महागाई भत्ता २५ टक्क्यांवर गेल्यावर ते १८ व ९ टक्के आणि २०२४ मध्ये तो ५० टक्क्यांवर पोचल्यावर २० व १० टक्के झाले. ३७,००० रुपयांवर २० टक्के म्हणजे ७,४०० रुपये होतात. आपणास कोणता दर लागू आहे हे मंजुरीपत्रावरून पहावे आणि भाड्याची पावती व घरमालकाचा करारनामा प्रथमपासून जपून ठेवावा.

दुसरी बाब आकस्मिक खर्चाच्या अनुदानाची. आयोगाच्या योजनेत मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांसाठी पहिली दोन वर्षे दरसाल १०,००० रुपये व नंतर २०,५०० रुपये, तर विज्ञान विषयांसाठी अनुक्रमे १२,००० व २५,००० रुपये अशी तरतूद आहे. पुस्तके, रसायने, क्षेत्रभेटीचा प्रवास, टंकलेखन यांसाठी हे अनुदान असते. ते बिले सादर केल्यावर संस्थेमार्फत मिळते. पावती हरविली की तेवढा खर्च विद्यावेतनातून, म्हणजे पर्यायाने जेवणाखाण्याच्या पैशांतून, करावा लागतो. ही साधी गोष्ट अनेकांच्या उशिरा लक्षात येते.

विलंबाचा प्रश्न

अधिछात्रवृत्ती थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. मात्र त्याआधी संस्थेने विद्यार्थ्याच्या उपस्थितीची व कामाची पुष्टी संगणकीय प्रणालीवर करावी लागते. मार्गदर्शकांची स्वाक्षरी, विभागप्रमुखांची शिफारस, कार्यालयाची नोंद आणि निधीची उपलब्धता यांपैकी कोणतीही कडी निसटली की त्या महिन्याची रक्कम अडते. निवड झाल्यापासून पहिली रक्कम हाती येईपर्यंत कित्येक महिने जाऊ शकतात. त्यानंतर सर्व थकबाकी एकदम जमा होते.

नोकरदाराचे वेतन आणि संशोधकाचे विद्यावेतन यांतील हा मोठा फरक होय. धान उत्पादक कुटुंबास मात्र अशी मिळकत अपरिचित नाही. रोवणीच्या दिवसांत पैसा जातो आणि धान विकल्यावर तो एकदम येतो. आलेला पैसा पुढील हंगामापर्यंत पुरवावयाचा असतो. संशोधक विद्यार्थ्यानेही आपल्या मिळकतीकडे मासिक पगार म्हणून न पाहता हंगामी उत्पन्न म्हणून पाहिले, तर त्याचे बरेचसे नियोजन आपोआप सुधारेल.

विलंब टाळण्यासाठी विद्यार्थ्याच्या हाती काही उपाय आहेत. बँक खाते आधारशी जोडलेले व चालू स्थितीत असावे. नाव, जन्मदिनांक आणि आधार क्रमांक यांच्या नोंदी सर्व कागदपत्रांत सारख्या असाव्यात. महिना संपताच आपली पुष्टी झाली किंवा नाही याची कार्यालयात चौकशी करावी. सहामाही प्रगती अहवाल मुदतीत सादर करावा आणि प्रत्येक अर्जाची पोच घेऊन एका फाइलीत ठेवावी. रक्कम अडल्यास तोंडी तक्रारीपेक्षा पोच असलेला लेखी अर्ज अधिक उपयोगी पडतो.

महिन्याचा जमाखर्च

नागपूरसारख्या शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याचा जमाखर्च कसा असावा, याचे एक उदाहरण घेता येईल. यातील आकडे केवळ मार्गदर्शनासाठी असून प्रत्येकाने ते आपापल्या परिस्थितीनुसार बदलावेत. दरमहा ३७,००० रुपये मिळतात असे धरून, खोलीभाडे व वीज ७,०००, खानावळ, चहा व नाश्ता ६,०००, गावी ये-जा व शहरातील प्रवास २,०००, पुस्तके, छायाप्रती व संशोधनसाहित्य २,५००, दूरध्वनी ५००, औषधे व कपडे २,००० असे २०,००० रुपये राहण्यासाठी व कामासाठी लागतील. घरी पाठवावयाचे ६,०००, संकटकाळासाठी राखीव ३,०००, अखेरच्या वर्षासाठी ४,०००, शुल्कासाठी २,००० आणि सणवार व अनपेक्षित खर्चासाठी २,००० अशी उर्वरित १७,००० रुपयांची वाटणी होईल. घरभाडे भत्ता मिळत असेल तर खोलीभाडे त्यातून भागेल आणि तेवढी रक्कम राखीव निधीत टाकता येईल.

प्रवासाच्या बाबतीत एक सवलत लक्षात घेण्याजोगी आहे. मार्च २०२३ पासून राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांत महिलांना भाड्यात ५० टक्के सूट देण्यात आली आहे. भंडारा किंवा साकोलीहून नागपूरला ये-जा करणाऱ्या विद्यार्थिनींच्या महिन्याच्या हिशेबात या सवलतीने चांगलीच बचत होऊ शकते. आठवड्यातून दोनतीन दिवसच विद्यापीठात जावे लागत असेल, तर शहरात खोली घेण्यापेक्षा गावाहून ये-जा करणे स्वस्त पडते काय, याचा हिशेब प्रत्येकीने एकदा कागदावर मांडून पहावा. मात्र त्यात प्रवासात जाणाऱ्या वेळेचीही किंमत धरावी.

वरील जमाखर्चात घरी पाठवावयाच्या रकमेस स्वतंत्र स्थान दिले आहे, ते हेतुपुरस्सर होय. शेतकरी कुटुंबातील पहिला पदव्युत्तर मुलगा किंवा मुलगी दरमहा विद्यावेतन मिळवू लागली की घरच्यांच्या अपेक्षा वाढणे स्वाभाविक आहे. रोवणीची मजुरी, धाकट्या भावंडाची फी, दवाखान्याचा खर्च यांसाठी मागणी होते. ती नाकारणे शक्य नसते आणि योग्यही नसते. परंतु दर वेळी मागेल तितकी रक्कम देत गेल्यास संशोधनच धोक्यात येते. म्हणून घरी किती पाठविता येईल हे आईवडिलांसमवेत बसून एकदा ठरवावे आणि विद्यावेतन पाच वर्षांनी थांबणार आहे, हेही त्यांना त्याच वेळी समजावून सांगावे. रोवणीच्या महिन्यांत अधिक व धान विकल्यानंतरच्या महिन्यांत कमी, अशी वाटणी केल्यास घरच्या गरजेशीही मेळ बसेल.

थकबाकी आणि राखीव निधी

वरील उदाहरणात राहण्याचा व कामाचा खर्च २०,००० रुपये आहे. तीन महिने विद्यावेतन न मिळाल्यास निभाव लागण्यासाठी किमान ६०,००० रुपये जवळ असावे लागतात. दरमहा ३,००० रुपये बाजूला टाकून एवढा निधी जमण्यास वीस महिने लागतील आणि तोपर्यंत विलंब थांबून राहणार नाही. यावर मार्ग असा की, थकबाकीची पहिली मोठी रक्कम येताच हा निधी एकदम उभारावा. चार महिन्यांची थकबाकी म्हणजे १,४८,००० रुपये. त्यातून प्रथम उसनवारी फेडावी, त्यानंतर ६०,००० रुपये वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि उरलेल्या रकमेतूनच संगणक अथवा अन्य मोठी खरेदी करावी. हा क्रम उलटा झाला की पुढील विलंबात पुन्हा उसनवारी करावी लागते.

विसरले जाणारे अखेरचे वर्ष

या सर्व विषयातील सर्वांत महत्त्वाची बाब बहुधा दुर्लक्षित राहते. अधिछात्रवृत्ती जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते. आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन व कमाल सहा वर्षांची मुदत असून विद्यापीठ पुनर्नोंदणीद्वारे ती आणखी दोन वर्षांनी वाढवू शकते. महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्याखेरीज दोन वर्षांची सवलत मिळू शकते. याचा अर्थ असा की, ज्याचे काम सहाव्या वर्षात पोचते, त्याचे विद्यावेतन ऐन प्रबंधलेखनाच्या वेळी बंद झालेले असते. प्रबंधाची छपाई, वाङ्मयचौर्य तपासणी, सादरीकरणाचे शुल्क हे खर्चही त्याच काळात येतात. पाच वर्षांचे श्रम प्रबंध सादर न होता वाया जाण्याचा धोका याच टप्प्यावर असतो.

दरमहा ४,००० रुपये पाच वर्षे, म्हणजे साठ महिने, बाजूस काढल्यास व्याज न धरताही २,४०,००० रुपये जमतात. बारा महिने दरमहा २०,००० रुपये खर्चण्यास ही रक्कम पुरते. डाकघराचे पाच वर्षांचे आवर्ती खाते यासाठी सोयीचे आहे, कारण त्याची मुदत अधिछात्रवृत्तीच्या मुदतीशी जुळते. काम पाच वर्षांतच पूर्ण झाले, तर हीच रक्कम नोकरी लागेपर्यंतच्या काळात आधार देईल.

आयकराची तरतूद

आता कराच्या प्रश्नाकडे वळू. १९६१ च्या आयकर अधिनियमाच्या कलम १० (१६) अन्वये शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त होती. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर अधिनियम अंमलात आला असून त्यातही ही सवलत कायम ठेवण्यात आली आहे. शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ फी नव्हे. शिक्षण घेत असताना राहण्याचा, जेवणाचा व पुस्तकांचा खर्चही त्यात येतो. विद्यार्थ्याने रक्कम पूर्णपणे खर्च केली पाहिजे, अशी अटही नाही. त्यातून बचत झाली म्हणून सवलत जात नाही. त्याचप्रमाणे अनेक महिन्यांची थकबाकी एका वर्षात मिळाली, तरी ती शिष्यवृत्तीच राहते.

मात्र ज्या रकमेस विद्यावेतन म्हटले जाते ती प्रत्येक रक्कम करमुक्त असतेच असे नाही. नावापेक्षा स्वरूप महत्त्वाचे असते. रक्कम शिकण्यासाठी दिली आहे की काम करून घेण्यासाठी, देणारी संस्था व घेणारा यांच्यात मालक-नोकर संबंध आहे काय, नियुक्तिपत्रात सेवेच्या अटी आहेत काय, असे प्रश्न विचारले की उत्तर मिळते. पदवीसाठी संशोधन करणाऱ्या अधिछात्राची रक्कम शिष्यवृत्ती ठरते. एखाद्या प्रकल्पात नेमणूक घेऊन काम करणाऱ्या सहायकाचे मानधन, तासिका तत्त्वावर शिकविल्याचे मानधन हे सेवेचा मोबदला असल्याने करपात्र उत्पन्न ठरते. अधिछात्रवृत्ती घेत असताना अन्य वेतनाची नोकरी स्वीकारण्यास योजनेच्या अटी मनाई करतात, हेही येथे लक्षात ठेवावे.

करपात्र उत्पन्न म्हणजे कर भरावाच लागतो असेही नाही. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करप्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही आणि १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावरील कर सवलतीमुळे शून्य होतो. दरमहा ३७,००० रुपयांचे मानधन वेतन मानले, तरी वर्षाचे ४,४४,००० रुपये होतात, म्हणजे कर देय होत नाही. तथापि संस्थेने उगमस्थानी करकपात केली असेल, तर ती रक्कम आपोआप परत येत नाही. त्यासाठी मुदतीत विवरणपत्र भरावे लागते. म्हणून पॅन क्रमांक संस्थेस अचूक द्यावा आणि आयकर विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या नावे किती कपात दिसते हे वर्षातून एकदा तरी पहावे.

विद्यावेतन करमुक्त असले तरी त्यातून केलेल्या ठेवीवरील व्याज करमुक्त नसते. ते विद्यार्थ्याच्या उत्पन्नात धरले जाते. एप्रिल २०२५ पासून बँकेतील ठेवींचे व्याज वर्षाला ५०,००० रुपयांपेक्षा अधिक झाल्यासच बँक करकपात करते. सामान्य संशोधकाचा संबंध त्या मर्यादेशी क्वचितच येईल. ज्याच्या नावे शेती आहे, त्याचे शेतीचे उत्पन्नही करमुक्त असते. मात्र निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक आणि अन्य करपात्र उत्पन्न मूळ सूट-मर्यादेहून अधिक असेल, तेव्हा कराचा दर ठरविण्यासाठी ते विचारात घेतले जाते.

राज्याचा व्यवसाय कर हा आणखी एक विषय आहे. १९७५ च्या अधिनियमानुसार तो वेतन व व्यवसायावर आकारला जातो. अधिछात्र हा कर्मचारी नसल्याने शिष्यवृत्तीवर हा कर येत नाही. प्रकल्पावर वेतनी नेमणूक झाल्यास मात्र दरमहा १०,००० रुपयांहून अधिक वेतनावर २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये असे वर्षाचे २,५०० रुपये कापले जातात. महिलांना एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर हा कर माफ आहे.

याच संदर्भात एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. कर वाचविण्यासाठी म्हणून विमा पॉलिसी किंवा दीर्घ मुदतीच्या योजना विद्यार्थ्यांच्या गळ्यात मारल्या जातात. ज्या उत्पन्नावर करच नाही, त्यावर वाचविण्यासारखेही काही नसते. विद्यावेतन थांबल्यावर अशा पॉलिसीचे हप्ते भरणे कठीण होते आणि भरलेल्या रकमेचा बराच भाग बुडतो. पाच वर्षांच्या मिळकतीवर पंधरा-वीस वर्षांचे बंधन स्वीकारणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

कुटुंबाचा व संस्थेचा वाटा

संशोधन ही दीर्घ पल्ल्याची साधना आहे. धानाच्या नव्या वाणांपासून माजी मालगुजारी तलावांच्या पुनरुज्जीवनापर्यंत आणि झाडीबोलीपासून कोशाच्या रेशमापर्यंत या जिल्ह्याचे कितीतरी विषय अभ्यासकांची वाट पाहत आहेत. त्या अभ्यासकांना उभे करण्यात संस्थांच्या कार्यालयांचाही वाटा आहे. महिन्याची पुष्टी वेळेवर पाठविणारा लिपिक संशोधनास प्रत्यक्ष मदतच करीत असतो. मार्गदर्शकांनीही प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याशी विषयाबरोबर पैशाबद्दलही मोकळेपणी बोलावे. विद्यार्थ्यांनी एक वही घालून दर आठवड्याचा खर्च लिहून ठेवावा, मंजुरीपत्र, पावत्या व बँकेच्या नोंदी एकत्र ठेवाव्यात आणि अखेरच्या वर्षाची तरतूद पहिल्या महिन्यापासूनच सुरू करावी. विद्यावेतन थांबल्यानंतरही प्रबंध पुरा करून विद्यापीठात दाखल करता यावा, एवढी शिल्लक ज्याच्या गाठी आहे, त्याचा हिशेब जमला असे म्हणता येईल.